माणिक, पावती आणि आम्ही तिघं

२०२४च्या जून महिन्यातली गोष्ट. दुपारचा चहा येऊन गेला होता आणि मी जावक नोंदवहीत क्रमांक घालत बसलो होतो. तेवढ्यात धाकट्या बहिणीचा फोन आला. एरवी ती कामाच्या वेळेत फोन करत नाही, म्हणून मी उठून व्हरांड्यात गेलो. "भाई, आयच्या मुदयेचो खडो खोटो मरे," एवढं बोलून ती गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "वांटे करतना तुमकां हें खबर आशिल्लें?"

वीसेक वर्षांच्या नोकरीत मेमो खाल्ले, साहेबांची बोलणी खाल्ली, पण या प्रश्नानं जसा मी गार झालो तसा कधी झालो नव्हतो.

आई २०१८ साली गेली. आपल्या गोव्यात मुलीला मुलाइतकाच वाटा कायद्यानं मिळतो, तो पार पोर्तुगीज काळापासून. घराचं आणि भाटाचं इन्व्हेंटारिओ सावकाशीनं होईल म्हणून मागं ठेवलं; सोनं मात्र आम्ही तिघा भावंडांनी देवासमोर बसून घरीच वाटलं. दादाच्या वाट्याला पाटल्या आल्या, माझ्या वाट्याला चार बांगड्या, आणि बहिणीला आजीची माणकाची अंगठी व एक नाजूक साखळी. वजनाच्या हिशोबानं तिला खूपच कमी मिळालं. पण "ही मुदी म्हणजे दोन पाटल्यांचं मोल" असं आई जन्मभर सांगत आली होती, त्यामुळे कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. घरातला कारकून मी, तेव्हा यादी मीच केली. 'माणकाची अंगठी, नग १' हे माझ्याच हातचं अक्षर. खड्याकडे एकदाही न बघता लिहिलेलं.

सहा वर्षांनी भाच्याच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी पैसे कमी पडले, म्हणून बहीण अंगठी घेऊन बाजारात गेली. पहिल्या दुकानदारानं नुसतं बघून "खोटा" म्हटलं. दुसऱ्यानं काचेवर ओरखडा काढून दाखवला आणि "अस्सल" म्हटलं. तिसरा म्हणाला, "माणिक आहे, पण भट्टीत घातलेला." एका खड्याचे एका दुपारी तीन जन्म झाले! आणि तिच्या मनात जे यायला नको होतं ते आलं, की कुणीतरी मधल्या काळात खडा बदलला. अंगठी आईच्या आजारपणात दादाकडे होती. पुढचं सांगायला नको.

मग सुरू झाल्या घरगुती परीक्षा. शेजारणीनं सांगितलं, अंगठी दुधात टाका, खरा माणिक असला तर दूध गुलाबी दिसेल. कचेरीतल्या एकानं सांगितलं, खड्यावर हाय करा, वाफ लगेच उडाली तर खरा. कुणी म्हणालं गालाला लावून बघा, गार लागला पाहिजे. कुणी म्हणालं काच कापून बघा. गंमत म्हणजे अंगठी या सगळ्या परीक्षांत पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाली. आम्हाला हायसं वाटलं. इथंच आमची चूक होत होती, आणि मला वाटतं आपल्यापैकी बहुतेकांची इथंच होते.

मी विज्ञानाचा माणूस नाही, कलाशाखेचा पदवीधर. पण पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात चार शनिवार बसून जे वाचलं, ते सांगतो. माणिक आणि नीलम ही एकाच घरातली दोन भावंडं. दोन्ही मुळात कुरुंद, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइडचा स्फटिक. त्यात किंचित क्रोमियम मिसळलं की लाल, लोह आणि टायटॅनियम मिसळलं की निळा. कठीणपणाच्या मोजपट्टीवर हिरा १०, कुरुंद ९ आणि काच साधारण साडेपाच. म्हणून माणिक काच कापतो. उष्णता चटकन ओढून घेतो, म्हणून गार लागतो आणि वाफही लवकर उडते. इथवर आजीबाईच्या परीक्षेत तथ्य आहे. (दुधाच्या परीक्षेत तेवढंही नाही. लाल काच टाकली तरी तिच्याभोवती तशीच झाक दिसेल.)

पण १९०२ साली ओग्यूस्त व्हेर्नुई नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं जाहीर केलं, की माणिक कारखान्यात करता येतो. ॲल्युमिनियम ऑक्साइडची बारीक पूड, चिमूटभर क्रोमियम, वरून हायड्रोजन आणि ऑक्सिजनची ज्वाला. पूड ज्वाळेतून पडताना वितळते आणि खाली थेंबाथेंबानं साठून मेणबत्तीसारखा लाल स्फटिक वाढतो. काही तासांत! थोड्याच वर्षांत युरोपातल्या कारखान्यांतून हा माल किलोवारी निघू लागला, दागिन्यांसाठी आणि घड्याळांच्या यंत्रांसाठीही. आपल्या आजोबांच्या मनगटी घड्याळावर '१७ ज्वेल्स' लिहिलेलं असायचं, ते ज्वेल्स म्हणजे बहुधा हेच.

आता विचार करा. हा खडा काच नव्हे. तोही कुरुंदच. कठीणपणा तोच, वजन तेच, प्रकाश वाकवण्याची रीत तीच. मग काच कापून, वाफ सोडून, गालाला लावून तो कसा सापडणार? या परीक्षा विचारतात, 'ही काच आहे का?' आपला प्रश्न असतो, 'हा जमिनीतून आला की भट्टीतून?' प्रश्नच चुकला तर उत्तर कितीही बरोबर आलं तरी उपयोग काय?

माझं म्हणणं असं, की खड्याच्या बाबतीत 'खरा की खोटा' हा प्रश्नच आपण सोडून द्यायला हवा. त्याच्या जागी तीन प्रश्न ठेवावेत. एक, हा पदार्थ कोणता? दोन, तो निसर्गात झाला की कारखान्यात? तीन, त्याच्यावर काय काय केलंय? आणि या तिन्हींची उत्तरं कुणीतरी सही करून कागदावर द्यायला हवीत.

पहिल्या प्रश्नात राजेरजवाडेही फसले आहेत. इंग्लंडच्या राजमुकुटात समोरच बसवलेला 'ब्लॅक प्रिन्सचा माणिक' शतकानुशतकं माणिक म्हणून मिरवला, तो निघाला स्पिनेल, म्हणजे वेगळंच खनिज. जहांगीर आणि शाहजहान यांची नावं कोरलेला 'तैमूरचा माणिक'ही स्पिनेलच. मुघलांना मात्र यातलं कळत होतं, त्यांच्याकडे स्पिनेलला 'लाल' आणि माणकाला 'याकूत' असे दोन निरनिराळे शब्द होते. म्हणजे ही रत्नं खोटी नव्हती, त्यांना नाव चुकीचं चिकटलं होतं. याच गटात जोडखडेही येतात. वर गार्नेटची पातळ चकती, खाली रंगीत काच. वरून घासून बघाल तर कठीण लागेल, खालची काच कोंदणात लपलेली.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर खड्याच्या पोटात असतं. दहापट मोठं दाखवणारं भिंग घेतलं तर व्हेर्नुईच्या पद्धतीच्या खड्यात कधी कधी गोल बुडबुडे दिसतात, आणि ग्रामोफोनच्या तबकडीवर असतात तशा वक्र रेषा. निसर्गातला स्फटिक वाढताना सरळ आणि कोनात वाढतो, त्याच्या रेषा अशा वळत नाहीत. शिवाय त्याच्या पोटात दुसऱ्या खनिजांचे कण असतात, रेशमाच्या धाग्यांसारख्या बारीक सुया असतात, बोटाच्या ठशासारख्या खुणा असतात. आपण ज्याला 'डाग' म्हणून नाक मुरडतो तो नैसर्गिक खड्याचा जन्मदाखला असतो. मोठा, लालभडक, काचेसारखा स्वच्छ आणि वर स्वस्त माणिक दिसला तर आनंदून जाऊ नका, सावध व्हा. पण हेही तेवढंच खरं, की या खुणा ओळखायला सरावलेली नजर आणि उपकरणं लागतात. पुढं निघालेल्या इतर पद्धतींचे कृत्रिम खडे तर इतके नैसर्गिक दिसतात, की जाणकारही प्रयोगशाळेशिवाय बोलत नाही. चार शनिवार वाचून मी ते ओळखू शकत नाही, आणि व्हॉट्सॲपवरचा एक व्हिडिओ बघून तुम्हीही ओळखू शकणार नाही.

तिसरा प्रश्न आजच्या बाजारात सगळ्यात महत्त्वाचा. आज विकले जाणारे बहुतेक माणिक रंग उजळावा म्हणून तापवलेले असतात. त्यात गैर काही नाही, रंग कायम राहतो, फक्त तसं सांगायला हवं. पण २००४च्या सुमारास बाजारात वेगळाच प्रकार आला. भेगांनी भरलेला, एरवी फेकून द्यावा असा कुरुंद घ्यायचा आणि त्याच्या भेगांत शिसं मिसळलेली काच भरायची. खडा एकदम पारदर्शक दिसतो. जरा हलवला तर आत निळसर चमक मारते, ती या काचेची. हा खडा नाजूक. सोनारानं तेजाबात घातला, डाक देताना तापवला, की काच बिघडते. नुसता लिंबाचा रसदेखील त्याला सोसत नाही. आता आपल्या घरातल्या बाया अंगठी बोटात ठेवूनच मासळी साफ करून लिंबू पिळतात, हे दुकानदाराला माहीत नसतं की काय! पण असला खडा 'अस्सल बर्मा' म्हणून विकणारे आहेत.

मोत्याचंही तेच. दातावर घासून खरखरीत लागला तर खरा, हे आपण ऐकत आलो. काचेचा नाहीतर प्लास्टिकचा मोती त्यानं कळतो हे ठीक. पण जपानच्या मिकिमोतोनं १८९३ साली शिंपल्यात मणी घालून मोती पिकवून दाखवला, आणि आज दुकानातला बहुतेक मोती पिकवलेलाच असतो. तोही दातावर तितकाच खरखरीत लागतो. तो आणि समुद्रात आपोआप झालेला मोती यांत फरक करायला क्ष-किरण लागतात.

या सगळ्या प्रकारात मला आपल्या गोव्याची एक जुनी गोष्ट आठवत राहिली. पणजीच्या चर्चसमोरच्या ज्या बागेत आम्ही कचेरीतले लोक दुपारी डबा खाऊन बसतो, तिला गार्सिया द ओर्ताचं नाव आहे. हा पोर्तुगीज वैद्य. त्याचा औषधी द्रव्यांवरचा ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला आणि त्यात हिऱ्यावर आणि रत्नांवरही प्रकरणं आहेत. हिरा विषारी असतो, तो घणानंही फुटत नाही, या त्या काळच्या समजुती त्यानं स्वतःच्या अनुभवावरून खोडून काढल्या. साडेचारशेहून जास्त वर्षांपूर्वी इथं बसून एका माणसानं 'ऐकीव सोडा, बघून बोला' असं लिहून ठेवलं, आणि आम्ही त्याच्याच बागेत बसून अंगठी दुधात टाकायच्या गोष्टी करतो.

पुढं सतराव्या शतकात याच गोव्यात जेझुइटांनी 'गोवा स्टोन' काढला. प्राण्यांच्या पोटात सापडणारा बेझोअर नावाचा खडा तेव्हा विषावर उतारा मानला जायचा आणि भयंकर महाग असायचा. तर यांनी शिंपले, राळ, कस्तुरी, रत्नांची पूड असं काय काय कालवून हातानं गोळे वळले आणि त्यांना सोन्याचा मुलामा दिला. युरोपात ते सोन्याच्या जाळीदार डब्यांत ठेवून जपले, आजही तिकडच्या संग्रहालयांत दिसतात. त्यांचा गुण येत होता का, हा प्रश्न सोडून द्या. मला त्यातली एकच गोष्ट घ्यावीशी वाटते. हा खडा माणसानं केलेला होता आणि तो 'गोव्याचा खडा' या आपल्या स्वतःच्या नावानं विकला गेला. बेझोअर म्हणून नव्हे.

माझी तक्रार आहे ती नावाशी. कृत्रिम खड्याला मी खोटा म्हणत नाही. २०२३च्या जूनमध्ये आपल्या पंतप्रधानांनी अमेरिकेच्या तेव्हाच्या प्रथम महिलेला साडेसात कॅरटचा हिरा भेट दिला. तो प्रयोगशाळेत घडवलेला होता आणि तसं जाहीरपणे सांगूनच दिला होता. त्यात कमीपणा कुठं आला? सुरतेत असे हिरे आज घडवले जातात. तोच कार्बन, तोच कठीणपणा. दुकानात हिऱ्यावर टेकवून 'पीं' वाजवणारं जे साधं पेन असतं, ते त्यालाही हिराच म्हणणार, कारण तो हिराच आहे. पण त्याची किंमत वेगळी आणि मोडीची किंमत त्याहून वेगळी. ज्या माणसाला मुलाच्या फीसाठी तो उद्या विकायचा आहे, त्याला हे आज कळायला नको?

इथं दोन गैरसमज दूर करायला हवेत. एक म्हणजे हॉलमार्कचा. अंगठीच्या आत सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी असला की लोक समजतात, खड्यासकट सगळं सरकारनं तपासलं. नाही. तो शिक्का सोन्याच्या शुद्धतेपुरताच. खड्याबद्दल तो एक शब्द बोलत नाही. दुसरा गैरसमज भविष्य सांगणाऱ्यांचा. ज्याला शनीसाठी नीलम घालायचा आहे त्यानं जरूर घालावा, माझ्या टेबलाच्या आजूबाजूलाच तीन बोटांत तीन खडे घातलेले सहकारी आहेत. पण जो खडा सुचवतो तोच विकतो आणि तोच 'ओरिजिनल आहे' म्हणून चिठ्ठी देतो, ही कुठली रीत? माझ्या कचेरीत अर्ज करणारा आणि अर्ज मंजूर करणारा एकच माणूस असता तर तुम्ही काय म्हटलं असतं?

तेव्हा कारकून म्हणून माझा सल्ला साधा आहे. हजारोंचा खडा घेणार असाल तर विकणाऱ्याशी संबंध नसलेल्या रत्नपरीक्षण प्रयोगशाळेचा अहवाल मागा. मुंबईत, जयपुरात, सुरतेत अशा प्रयोगशाळा आहेत आणि महागड्या खड्याच्या मानानं त्यांची फी किरकोळ असते. अहवालाचा क्रमांक त्या प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावर ताडून बघा. पावतीवर नुसतं 'स्टोन' किंवा 'रूबी' चालवून घेऊ नका. खड्याचं नाव, वजन, नैसर्गिक की कृत्रिम, कोणती प्रक्रिया केली, हे लिहून घ्या. दुकानदार लिहायला तयार नसेल तर उत्तर तुम्हाला मिळालंच. आणि पावती जपून ठेवा. ग्राहक आयोगाकडे साधारणपणे दोन वर्षांच्या आत जावं लागतं, आणि तिथं दुधाचा रंग कुणी विचारत नाही, कागद विचारतात. माझ्या मते तर सोन्याला जशी हॉलमार्कची सक्ती आहे, तशी पावतीवर खड्याची ही चार वाक्यं लिहिण्याचीही सक्ती हवी. प्रामाणिक सोनाराचं त्यात काहीच नुकसान नाही.

असो. आमच्या अंगठीचं पुढं काय झालं ते सांगायचं राहिलं.

जुलैमध्ये आम्ही तिघंही एका वृद्ध शेटकडे गेलो. जुनं काम करणारे असे कारागीर आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके राहिलेत. त्यांनी भिंगातून कोंदण बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "हें कोणेंच उगडूंक ना." मग आमच्यादेखत कोंदण उघडलं. खड्याखाली जुनी काळपट लाख होती, आणि सोन्याच्या काठावर नव्या हत्याराची एकही खूण नव्हती. बहिणीनं दादाकडे पाहिलं, दादा खिडकीबाहेर बघत होता. रस्त्यात कुणीच काही बोललं नाही. नंतर खडा एका सहकाऱ्याबरोबर मुंबईला पाठवला. अहवाल आला: सिंथेटिक रूबी, वक्र वाढरेषा. म्हणजे खडा कुणी बदललेला नव्हता. १९५०च्या दशकात आजोबांनी आजीसाठी अंगठी केली, तेव्हापासून तो हाच होता.

आजोबांना फसवलं गेलं, की त्यांना माहीत होतं आणि त्यांनी आजीला सांगितलं नाही? मी त्यांची पत्र्याची ट्रंक उपसली. नारळाच्या पाडपाचे हिशोब मिळाले, सायकलची पावती मिळाली, पोर्तुगीज शिक्क्यांचे कागद मिळाले. अंगठीचा कागद नाही. त्या एका चिठोऱ्याअभावी सत्तर वर्षांनी माझ्या बहिणीनं आपल्या थोरल्या भावाला चोर समजून दोन महिने काढले.

चवथीला सगळे गावच्या घरी जमलो, तेव्हा माटोळीखाली बसून आम्ही पुन्हा वाटणी केली. दादाला ते पटत नव्हतं. "आयनं जशें सांगलें तशें केलें, आतां कित्याक?" असं त्याचं म्हणणं. चुकीचं नव्हतं. पण यादीत 'माणिक' हा शब्द मी लिहिला होता, आणि त्या शब्दावर विश्वास ठेवून बहिणीनं पाटल्या सोडल्या होत्या. शेवटी सोन्याचं सोन्यापुरतं वजन धरलं आणि कमी पडलं ते दादानं आणि मी निम्मं निम्मं भरून दिलं. भाच्याची फी भरली गेली.

अंगठी बहिणीनं विकली नाही. खडा परत बसवून घेतला आणि ती बोटात घालते. नवी यादीही मीच केली, तिच्यावर तिघांच्या सह्या आहेत. त्यात लिहिलंय: 'आजीची सोन्याची अंगठी, खडा कृत्रिम माणिक, प्रयोगशाळेचा अहवाल सोबत जोडला आहे. नग १.'